साखळी-करवतीची क्रँककेस : उघडण्याची अवजारे व पद्धत

दिनांक ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनारा गाठला, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा, आंबा-काजूची कलमे आणि परसातील जुने फणस आडवे झाले. पुढील वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि बागायतदारांना त्याच संकटास पुन्हा तोंड द्यावे लागले. रस्त्यावर आडवा पडलेला वृक्ष अथवा घराच्या कौलांवर कललेला माड दूर करावयाचा झाल्यास कुऱ्हाड व दोघांनी ओढावयाची करवत अपुरी पडते. अशा वेळी बाजारात चेन सॉ या नावाने मिळणारी, पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत बागायतदाराचा उजवा हात ठरते.

परंतु या यंत्राचे दैव मोठे विचित्र आहे. वर्षातील बहुतेक दिवस ते पडवीच्या कोपऱ्यात स्वस्थ पडून असते; गरज पडते ती मोजक्या दिवसांत, आणि त्याच दिवसांत त्यावर कामाचा सर्व भार येतो. वर्षभराची हेळसांड त्या आठवड्यात प्रकट होते आणि इंजिन अडकते. मग दुरुस्तीची घाई होते, आणि घाईत जी एक चूक पुष्कळदा होते तिच्यामुळे दुरुस्त होण्याजोगे इंजिन कायमचे निकामी होते. ती चूक म्हणजे क्रँककेसच्या सांध्यात पेचकस किंवा छिन्नी घालून तिचे दोन भाग उचकटणे. हे कसे टाळावे आणि त्यासाठी लागणारी अवजारे गावातच कशी तयार करावीत, याचे विवेचन पुढे केले आहे.

सांध्याचे महत्त्व

साखळी-करवतीचे इंजिन द्विस्ट्रोक जातीचे असते. मोटारगाडीच्या इंजिनात क्रँककेसचे मुख्य काम म्हणजे क्रँकशाफ्टला आधार देणे व तेल साठविणे. द्विस्ट्रोक इंजिनात मात्र क्रँककेस हाच एक पंप असतो. दट्ट्या वर जाताना पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते. दट्ट्या खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. यास्तव क्रँककेस पूर्णपणे हवाबंद असणे अत्यावश्यक असते.

सांध्याच्या तोंडावर पेचकसाने एक ओरखडा पडला तरी तेथून बाहेरची हवा आत येऊ लागते. मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते, इंधन व त्याबरोबर येणारे वंगण कमी पडते, इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि नवा बसविलेला दट्ट्याही थोड्याच काळात जळतो. याहून गंभीर धोका चालविणाऱ्याच्या जिवाला असतो. हवा शिरत असलेले इंजिन आपोआप जोराने धावू लागते. पेट्रोलचा खटका सोडला तरी क्लच सुटत नाही व साखळी फिरतच राहते. झाडावर किंवा पडलेल्या खोडावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात अशी करवत असणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. सांध्याची काळजी घेणे हे केवळ काटकसरीचे काम नाही, ते यासाठी.

क्रँककेस उघडणे खरोखर आवश्यक आहे काय?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सर्वच साखळी-करवतींची क्रँककेस एका प्रकारची नसते. घरगुती वापराच्या अनेक हलक्या करवतींत सिलिंडरच्या तळाशी एक झाकण असते व क्रँकशाफ्ट त्या दोहोंमध्ये चिमटीत धरल्याप्रमाणे बसविलेला असतो. अशा इंजिनाचे तळचे स्क्रू काढले की झाकण सुटते आणि क्रँकशाफ्ट हाताने उचलता येतो; त्यास पुलरची गरज नसते. व्यावसायिक वापराच्या करवतींत मात्र क्रँककेस उभी दुभागलेली असते. तिचे डावे व उजवे असे दोन अर्धभाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात आणि प्रत्येक भागात एक बेअरिंग घट्ट बसविलेले असते. पुढील माहिती या दुसऱ्या प्रकारच्या करवतीसंबंधी आहे.

केवळ ऑइल सील गळत असेल तर पुष्कळ करवतींत ते बाहेरूनच आकड्याने काढून नवे बसविता येते. दट्ट्या व सिलिंडर बदलण्यासाठीही क्रँककेस दुभागावी लागत नाही. ती उघडण्याचा प्रसंग येतो तो मुख्यतः चार कारणांनी : मुख्य बेअरिंग खडखडत असल्यास किंवा शाफ्ट वर-खाली हलत असल्यास, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला वर-खाली खेळ आल्यास, तुटलेल्या दट्ट्याचे किंवा सर्क्लिपचे तुकडे आत पडल्यास, अथवा दोन भागांमधील गॅस्केट फाटल्यास. रॉड आडव्या दिशेने थोडासा सरकणे हा दोष नव्हे. पुष्कळ इंजिनांत तशी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. हा भेद न कळल्यामुळे चांगली इंजिने विनाकारण उघडली जातात.

पूर्वतयारी

काम उघड्या, हवेशीर जागी व विस्तवापासून दूर करावे. टाकीतील पेट्रोल व साखळीचे तेल काढून घ्यावे, स्पार्क प्लगची वायर सोडवावी, साखळी व पाते उतरवावे आणि यंत्र बाहेरून स्वच्छ धुऊन पुसून घ्यावे. भुश्याचा व तेलाचा थर तसाच ठेवून इंजिन उघडल्यास ती घाण थेट बेअरिंगमध्ये जाते.

क्लच सोडविण्यासाठी क्रँकशाफ्ट स्थिर धरावा लागतो. त्याकरिता पेचकस अडकवू नये. स्पार्क प्लगच्या छिद्रातून जाड सुती दोरी सिलिंडरमध्ये भरावी. दट्ट्या वर चढताना धूर बाहेर जाण्याचे द्वार झाकले गेल्यावरच दोरी आत घालावी, नाहीतर ती द्वारात अडकून कापली जाते. बहुतेक साखळी-करवतींच्या क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविल्यावर तो सुटतो. क्लचवर सुटण्याची दिशा दाखविणारा बाण असल्यास तो प्रथम पाहावा. जोर लावून चुकीच्या दिशेने फिरविलेला क्लच शाफ्टचे आटे घेऊनच बाहेर येतो.

यानंतर फ्लायव्हील, तेलाचा पंप, इग्निशन कॉइल, कार्बुरेटर, सायलेन्सर आणि शेवटी सिलिंडर व दट्ट्या हे भाग उतरवावे. क्रँककेसच्या स्क्रूंची लांबी सारखी नसते. म्हणून एका पुठ्ठ्यावर क्रँककेसची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला गेला तर मऊ धातूस तडा जातो.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, स्क्रूंची संख्या पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहावी. एखादा स्क्रू तेलाच्या पंपामागे, क्लचच्या जागेत किंवा तेलमातीच्या थराखाली लपलेला असतो. भाग सुटत नाही म्हणून जोर वाढविण्यापूर्वी राहिलेला स्क्रू शोधावा.

पुलर : तत्त्व व रचना

क्रँककेसच्या दोन भागांना धरून ठेवणारी खरी पकड सांध्याच्या कडेला नसते, ती बेअरिंगमध्ये घट्ट बसलेल्या शाफ्टवर असते. पेचकसाने कड उचकटली की तेथील धातू चेपतो, परंतु शाफ्टवरील पकड तशीच राहते. म्हणून जोर शाफ्टच्या टोकावर, सरळ रेषेत, सावकाश लावावयास हवा. हातोडीचाही उपयोग करू नये. या करवतींचा क्रँकशाफ्ट बहुधा निरनिराळे तुकडे दाबाने एकत्र बसवून केलेला असतो; टोकावर जोराचा घाव बसला की त्याच्या दोन तबकड्यांची रेषा बिघडते आणि मग इंजिन कायम थरथरते.

निरनिराळे उत्पादक आपापल्या करवतींसाठी खास पुलर विकतात. तथापि त्याची रचना इतकी साधी आहे की, लेथ व ड्रिल असलेल्या कोणत्याही कार्यशाळेत तो तयार होतो. त्यासाठी सुमारे १० मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी घ्यावी. तिच्या मध्यभागी छिद्र पाडून एम १० किंवा एम १२ आकाराचे आटे पाडावेत. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंस लांबट खाचा कापाव्यात, म्हणजे निरनिराळ्या अंतरांवरील छिद्रांत बोल्ट बसविता येतात. मधल्या बोल्टचे टोक शंकूसारखे घासून घ्यावे. शाफ्टच्या टोकास मुळातच एक लहान खोलगट खूण असते, तीत ते बरोबर बसते व घसरत नाही. बोल्टचे आटे बारीक असल्यास जोर अधिक हळुवारपणे लावता येतो.

पट्टी क्रँककेसला जोडण्यासाठी क्रँककेसवरच असलेली आटेदार छिद्रे वापरावीत. तेलाच्या पंपाची किंवा स्टार्टरच्या झाकणाची छिद्रे या कामी येतात. मॅग्नेशियमचे आटे मऊ असतात. म्हणून ५ मिलिमीटर जाडीचा बोल्ट किमान १० मिलिमीटर आत गेला पाहिजे. दोन-तीन आट्यांवर भार टाकल्यास ते उपटून येतात, आणि मग एका दुरुस्तीतून दुसरी दुरुस्ती उद्भवते.

याखेरीज पुढील अवजारे जवळ असावीत : लांब दांड्याचा टी २७ तारकाकृती पाना किंवा करवतीस लागू पडेल तो ॲलन पाना, नायलॉनची किंवा चामड्याची मोगरी, सील काढण्याचा आकडा, सर्क्लिपसाठी बारीक चिमटा, लाकडी ठोकळे लावलेला शेगडा, आणि लाकडाची किंवा प्लॅस्टिकची खरवडणी.

उघडण्याची कृती

सांध्यातील दिशादर्शक पिना कोठे आहेत हे पाहून ठेवावे. पुलरची पट्टी क्रँककेसच्या तोंडाशी समांतर बसवावी व दोन्ही बोल्ट सारखे आवळावेत. शाफ्टच्या आट्यांचे रक्षण व्हावे म्हणून त्यावर त्याचाच नट टोकाबरोबर येईल इतका फिरवून ठेवावा. मग मधला बोल्ट पाव-पाव फेरा फिरवावा. प्रत्येक फेऱ्यानंतर क्रँककेसच्या जाड भागावर मोगरीने हलकेच ठोकावे. सांधा सर्व बाजूंनी सारखा उघडत आहे ना, हे पाहावे. एक बाजू आधी उघडू लागल्यास थांबून दुसऱ्या बाजूकडील बोल्टची पकड सारखी करावी. कनेक्टिंग रॉड क्रँककेसच्या कडेवर अडकणार नाही याकडे दुसऱ्या माणसाने लक्ष ठेवावे. एक भाग निघाल्यावर शाफ्ट दुसऱ्या भागात राहतो. तोही त्याच रीतीने पुलरने ढकलून काढावा. कोणता भाग आधी काढावयाचा, हे त्या त्या करवतीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो क्रम मोडू नये.

पुलरचा बोल्ट फार जड जाऊ लागला तर जोर वाढवू नये. उष्णतेची मदत घ्यावी. तापविल्यावर मॅग्नेशियमचा मिश्रधातू पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावतो. ३५ मिलिमीटर व्यासाच्या बेअरिंगची जागा बेअरिंगसह ३० अंशांवरून ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, तर त्या दोहोंमध्ये सुमारे ०.०४ मिलिमीटरचा फरक पडतो. आकडा दिसावयास लहान आहे, परंतु बेअरिंगची पकडच अशा शतांश मिलिमीटरांची असते; तेवढ्या फरकाने ती सैल होते.

तापविण्यासाठी गरम हवेचा झोत सोडणारे विजेचे यंत्र वापरावे व झोत बेअरिंगच्या भोवती सतत फिरवीत राहावे. पाण्याचा थेंब पडताच चुरचुरून उडाला म्हणजे पुरेशी उष्णता आली असे समजावे. तापविण्यापूर्वी सर्व रबरी भाग, सील व प्लॅस्टिकच्या वस्तू काढाव्यात आणि पेट्रोलचा अंशही राहू देऊ नये. गॅसची ज्योत कदापि वापरू नये. मॅग्नेशियमचा कीस किंवा भुकटी पेटल्यास ती अत्यंत प्रखर जळते. तिच्यावर पाणी टाकल्याने आग अधिक भडकते. म्हणून क्रँककेसवर कानस चालविल्यास कीस ताबडतोब गोळा करून दूर टाकावा आणि कामाच्या जागी कोरड्या वाळूची बादली ठेवावी.

पुनर्जोडणी

जुने गॅस्केट लाकडी खरवडणीने काढावे. पोलादी पात्याने सांध्याची तोंडे कधीही खरडू नयेत. क्रँककेस तापवून नवे बेअरिंग तिच्या जागेत सोडल्यास ते बहुधा स्वतःच्या वजनानेच बसते. दाबावे लागलेच तर बाहेरच्या कड्यावर दाब द्यावा. शाफ्ट बेअरिंगमध्ये ओढताना याउलट करावे लागते. तेथे भार आतल्या कड्यावर आला पाहिजे. त्याकरिता आतल्या कड्यावर टेकेल अशा मापाचा नळीचा तुकडा, त्यावर जाड वॉशर व शाफ्टच्या आट्यांवर नट अशी साधी रचना पुरते. नट आवळला की शाफ्ट बेअरिंगमध्ये ओढला जातो आणि गोळ्यांवर भार येत नाही. क्लचच्या बाजूचे आटे उलटे असल्याने तेथे उलट्या आट्यांचाच नट लागतो.

नवे गॅस्केट बसविताना कार्बुरेटरच्या पंपास दाब पोहोचविणारे लहानसे छिद्र झाकले जात नाही, याची खात्री करावी. ते बंद झाल्यास इंजिनास पेट्रोलच मिळत नाही आणि कारागीर दोष भलत्याच ठिकाणी शोधीत बसतो. स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. त्यानंतर शाफ्ट बोटांनी सहज फिरला पाहिजे. तो जड फिरत असल्यास एका बाजूस ओढला गेला आहे असे समजावे. मोगरीने टोकावर हलका टिचका दिल्यास तो मध्यावर येतो. सिलिंडर बसण्याच्या तोंडाशी बाहेर राहिलेले गॅस्केट धारदार पात्याने कापून घ्यावे व मगच नवी सील बसवावीत.

अखेरची परीक्षा

इंजिन जोडून झाले की लगेच सुरू करण्याचा मोह होतो, तो आवरावा. कार्बुरेटर व सायलेन्सर यांच्या जागी रबरी तुकडे आवळून तोंडे बंद करावीत आणि हातपंपाने सुमारे अर्ध्या बारइतका दाब भरावा. काटा स्थिर राहिला पाहिजे. तो उतरू लागल्यास सांध्यांवर व सीलांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले की गळतीची जागा सापडते. त्यानंतर हवा ओढून घेऊन निर्वाताचीही परीक्षा करावी, कारण काही सील दाबाखाली टिकतात पण निर्वातात हवा आत घेतात. खास पंप नसल्यास रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा व मापक यांनी दाबाची परीक्षा साधते. त्यावरील ३०० चा आकडा सुमारे ०.४ बार दाब दर्शवितो.

इंजिन सुरू केल्यावर करवत जमिनीवर ठेवून, पाय मुठीवर देऊन, ते मंद गतीत चालू ठेवावे. साखळी या वेळी अजिबात फिरता कामा नये. पेट्रोलमध्ये द्विस्ट्रोक इंजिनासाठीचेच तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे; ५० भागांस १ भाग असे प्रमाण असल्यास १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर तेल पडते. हे प्रमाण डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, मापाने घ्यावे. एवढी एक शिस्त पाळली तरी क्रँककेस उघडण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.

समारोप

पुलरचा पोलादी तुकडा, चार बोल्ट व नळीचा एक तुकडा यांवर होणारा खर्च नव्या क्रँककेसच्या किमतीपुढे अगदीच क्षुल्लक आहे. प्रत्येक बागायतदाराने ही अवजारे स्वतंत्रपणे बाळगण्याचीही गरज नाही. गावातील सहकारी सोसायटी, अवजार बँक किंवा पाच-सहा बागायतदारांचा गट यांनी मिळून एक संच करून ठेवल्यास तो साऱ्या गावास उपयोगी पडेल. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेल्या तरुणास हे काम एकदा समक्ष दाखविले, तर गावातच एक जाणता कारागीर तयार होईल.

वादळ पूर्वसूचना देऊन येते, परंतु ती सूचना मिळाल्यावर इंजिन उघडण्यास वेळ उरत नाही. म्हणून साखळी-करवतीची तपासणी व दुरुस्ती उन्हाळ्याच्या आरंभीच उरकून घ्यावी, आणि अडलेला सांधा समोर आला असता कारागिराचा हात पेचकसाकडे न जाता पुलरकडे जावा. तेवढ्या विवेकाने यंत्र वाचते आणि ते चालविणारा माणूसही सुरक्षित राहतो.